सहाव्या होलाजवळची डोण

ज्या हरळीच्या मुळ्या उपसता उपसता माझ्या वडिलांची पाठ वाकली, तीच हरळी वाढवण्याचा मला पगार मिळाला. माकणीला आमचं थोडं रान होतं. वडील कुदळीनं हरळी खणायचे, बांधावर वाळत टाकायचे आणि तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. मी कृषी पदविका घेऊन गोल्फच्या मैदानावर लागलो तेव्हा त्यांनी विचारलं, "काय पिकतं रे तिथं?"

"हरळी."

"आन् खातं कोण?"

"कुणी न्हाय, दादा. कापून फेकून देतो."

"मग पगार कशाचा देतेत?"

या प्रश्नाचं उत्तर मला नोकरी सोडेपर्यंत नीट देता आलं नाही. आता नोकरी सोडली आहे. या दिवाळी अंकाच्या संपादकांना वाटतं की आपल्या जिल्ह्यात गोल्फचं मैदान सांभाळणारा माणूस म्हणजे गंमतच, त्याच्याकडं किस्से असणार. किस्से आहेत. त्यातले दोन-तीन सांगतो. पण मी लिहायला बसलो ते किस्स्यांसाठी नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

मैदान तामलवाडीच्या शिवाराला लागून, सोलापूर रस्त्यापासून जरा आत. नऊ होलांचं, म्हणजे नऊ भोकं आणि प्रत्येकाचा आपापला पट्टा. मालक सोलापूरचे. त्यांचं आणि क्लबचं नाव लिहीत नाही, कारण जे झालं त्यात त्यांचा काही हात नव्हता. गावातली माणसं त्या मैदानाला 'गोट्याचं रान' म्हणायची. "साहेब लोक गोट्या खेळायला येतेत, आन् गोटी हुडकायला दुसरा माणूस ठिवतेत," असं वर्णन मी एस.टी.त स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. चेंडू पहिल्यांदा जिथून मारतात तिथून भोकापर्यंत जो लांब हिरवा पट्टा असतो तो फेअरवे. कडेला गवत वाढू देतात, ते रफ. आणि भोकाभोवती जे गालिच्यासारखं बारीक कापलेलं असतं ते ग्रीन. माळ्याचा सगळा जीव त्या ग्रीनमध्ये. तिथलं गवत रोज इतकं खाली कापतो की त्याला पान म्हणून फारसं काही उरतच नाही. पान नाही म्हणजे अन्न कमी, मूळ आखूड. असं गवत उन्हाळ्यात तान्ह्या लेकरासारखं असतं. पाणी चुकलं की आधी निळसर पडतं. त्यावर पाऊल ठेवून उचललं तर ठसा तसाच राहतो, पाती परत उभी राहत नाहीत. तो ठसा दिसला की माळ्यानं धावत सुटायचं. भर दुपारी आम्ही पाइप घेऊन ग्रीनवर नुसता पाण्याचा फवारा मारायचो. मुळाला पाजण्यासाठी नाही, पानाचा ताप उतरावा म्हणून. गावात टँकरची वाट बघत घागरी रांगेत उभ्या असायच्या आणि मी गवताच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवत असायचो. याची लाज मला तेव्हाही वाटायची. पण ती लाज मोठी नव्हती. सवयीनं ती बोथट झाली.

गिऱ्हाइकं एकेक होती. सोलापूरचे एक सर्जन होते. त्यांचा चेंडू भोकाच्या काठावरून गेला की ते मला हाक मारायचे. "या इकडं. हात लावा. गवत उलटं आहे इथं." मी गुडघ्यावर बसून गवताला हात लावायचो आणि गंभीरपणे म्हणायचो, "आहे थोडं उलटं, डॉक्टर." त्यांचं समाधान व्हायचं. दुसरे एक कंत्राटदार. ते उतार बघायला चक्क पोटावर झोपायचे आणि मग त्यांना उठता यायचं नाही. दोघांनी धरून उठवायचं. एकदा उठवता उठवता मैदानावरचा आमचा मजूर महादू त्यांच्या कानाशी म्हणाला, "मालक, चेंडू गेला का न्हाय ते ठावं न्हाय, पर तुमी मातर भोकात जाताल." ते इतके हसले की परत खाली बसले.

हे सगळं हसण्यासारखं होतं आणि आम्ही हसायचो. आता मूळ गोष्ट.

मैदानाची जुनी पाइपलाइन मैदान झालं तेव्हाची. शेततळ्यातलं आणि बोअरचं पाणी त्यातून फिरायचं. सांधे कुजलेले, रोज कुठं तरी फुटायची. लाइनीत गाळ साठतो म्हणून तिच्या शेवटच्या टोकाला एक व्हॉल्व्ह असतो. तो उघडला की गाळ धुऊन बाहेर पडतो. त्याला वॉशआउट म्हणतात. आमचा वॉशआउट सहाव्या होलाच्या मागं, कुंपणाला लागून होता. कुंपणाच्या पलीकडं एक मोठा कडुलिंब आणि त्याखाली एक जुनी दगडी डोण, म्हणजे जनावरांना पाणी पाजायचा दगडात कोरलेला हौद. कुणाची, कधीची, कुणाला माहीत नव्हतं. मी लागलो तेव्हा ती कोरडीच होती.

बिरू तात्या मेंढपाळ. वयानं माझ्यापेक्षा थोडा मोठा, उंच, खांद्यावर घोंगडं, बोलणं कमी. त्याची बायको सुंदरा. मेंढरांच्या कळपाला हे लोक खांड म्हणतात. त्यांची खांड त्या माळावरून जायची. एका उन्हाळ्यात तो कुंपणाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "साहेब, तुमी त्यो नळ सोडता तवा पानी वढ्याच्या वगळीला जातं. वगळ काय दुवा देनार हाय व्हय तुमास्नी?"

मी म्हटलं, "आन् तुमी काय देणार?"

"लेंड्या," तो म्हणाला.

तसं ठरलं. शेतकरी जसे रानात मेंढरं बसवतात, खत व्हावं म्हणून, तसं मी पावसाळ्याच्या तोंडाला मैदान बंद असायचं तेव्हा त्याची खांड रफमध्ये बसवायचो. मालकांना ठाऊक नव्हतं. रफ कसं असं तरारून येतं म्हणून त्यांनी पुण्याच्या पाहुण्यांसमोर माझी पाठ थोपटली होती. आणि बदल्यात मी वॉशआउटला रबरी पाइपचा तुकडा जोडून त्याचं तोंड कुंपणाखालून डोणीत सोडलं होतं. रोज दुपारी जेवणाआधी व्हॉल्व्ह उघडायचा, लाइन धुवायची, डोण भरायची. हाताला इतकी सवय झाली होती की उघडतोय हे माझ्या डोक्यातही यायचं नाही.

मग मालकांनी सगळी पाइपलाइन बदलायची ठरवली. मैदानाला गिऱ्हाईक थंडीत येतं, म्हणून काम उन्हाळ्यातच उरकायचं. खेळाचं मैदान चालू ठेवून खालची नळयंत्रणा बदलणं म्हणजे चालत्या बैलाचा नाल बदलण्यासारखं आहे. तीन होल बंद करायचे, सहा चालू ठेवायचे. बंद होलांवरची हरळी पट्ट्यापट्ट्यांनी कापून घोंगड्यासारखी गुंडाळायची, सावलीत ओल्या पोत्यांखाली ठेवायची. मग चर खणायचा. खाली काळा पाइप, तव्यासारख्या तापलेल्या थाळीवर टोकं वितळवून जोडलेला. माती भरून परत हरळी अंथरायची. मग पुढचे तीन होल. तोवर चालू होलांना जुन्याच लाइनीचं उरलेलं शेपूट पाणी देणार. आणि त्या शेपटाचं टोक म्हणजे सहाव्या होलाचा वॉशआउट.

यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर पाटणकर म्हणून होते. सज्जन माणूस, उन्हानं टोमॅटोसारखा झालेला. त्यांनी नव्या यंत्रणेतला एक भाग आणला होता. टाकीत युरियाचं द्रावण करायचं आणि ते पाण्याबरोबरच लाइनीतून गवताला द्यायचं. तोवर आम्ही खत हातानं फेकत होतो. ग्रीन उन्हानं आणि धुळीनं पिवळी पडायला लागली होती, म्हणून ते म्हणाले, "टाकी आत्ताच जुन्या लाइनीला जोडून बघू. शिकणंही होईल तुमचं. नव्या पॅनलवर तुम्हीच बसणार आहात."

नव्या पॅनलवर, म्हणजे सगळं पाणी बटणांनी चालवायच्या जागी, मी बसणार, हे मालकांनीही म्हटलं होतं. ते वाक्य मी घरी दोनदा सांगितलं होतं.

त्या दिवशी सकाळी टाकी जोडली. ग्रीनवर खताचं पाणी फिरलं. दुपारी पाटणकर म्हणाले, "टाकीत उरलंय ते लाइनीत सोडून द्या, टाकी धुवा आणि लाइन साफ पाण्यानं मारून घ्या. युरिया लाइनीत राहिला तर नोझल खराब होतात." मी उरलेलं सगळं द्रावण सोडलं. चांगलं घट्ट होतं, तळाला न विरघळलेला युरियाही होता. मग पंप चालू ठेवला आणि सहाव्या होलाकडं चालत गेलो. वॉशआउट उघडला आणि जेवायला गेलो.

रोजच्यासारखाच. यापेक्षा जास्त मला त्याबद्दल सांगता येत नाही. मी विसरलो असंही म्हणता येत नाही, कारण विसरायला आधी आठवावं लागतं. पाणी डोणीत जातं हे माझ्या हाताला ठाऊक होतं. पाण्यात युरिया आहे हे माझ्या डोक्याला ठाऊक होतं. त्या दोघांची त्या दुपारी गाठ पडली नाही.

बिरू तात्या त्या दिवशी मुरूमला बहिणीकडं गेला होता. खांड सुंदरानं आणली होती.

ओरडा ऐकून आम्ही धावलो. चर खणणारे मजूर आधीच कुंपण ओलांडून गेले होते. कडुलिंबाखाली मेंढरं पडत होती. काही थरथरत उभी, तोंडाला फेस, काही पाय झाडत होती, पोटं नगाऱ्यासारखी टम्म. सुंदरा एका मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्या तोंडातला फेस पदरानं पुसत होती. पुसला की परत येत होता.

शेजारच्या रानाचे नागनाथ आले. त्यांचं कडवळ होतं, म्हणजे वैरणीची ज्वारी. कापून झाल्यावर खुंटाला परत कोवळे फुटवे आलेले, पाण्यावाचून खुरटलेले. असं कडवळ जनावरानं खाल्लं की विषबाधा होते, आपल्याकडं त्याला किराळ लागणं म्हणतात. मेंढपाळाच्या घरात लेकरू चालायला लागलं की त्याला आधी हेच शिकवतात, की कोवळ्या कडवळात जनावर घालायचं नाही.

नागनाथ म्हणाले, "माझ्या कडवळात घातली व्हय गं?"

सुंदरानं वर बघितलं. "न्हाय ओ मामा. म्या वरल्या वाटंनं आणली. कडवळाकडं फिरकले बी न्हाय."

"मग काय दगूड खाऊन पडली?"

"न्हाय मामा. बिरोबाची आण. न्हाय घातली."

"किराळच हाय ही," मागून कुणी तरी म्हणालं. "डुलकी लागली आसंल बाईला सावलीत."

मी तिथं उभा होतो. माझी नजर डोणीकडं गेली. पाइपच्या तोंडातून अजून पाणी येत होतं. तेव्हा गाठ पडली. आणि त्याच क्षणी मनात आलं ते मेंढरांचं नाही. मनात आलं की डोण कुणी भरली हे कळलं, तर चोरून पाणी सोडतो हे कळणार, खांड आत बसवतो हे कळणार, आणि पॅनलवर दुसरा कुणी बसणार.

पाटणकरांना डोणीचं काहीच माहीत नव्हतं. ते हळहळून परत चरांकडं गेले. जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, "आसपास कडवळ आहे?" दहा हात उठले. "ते काय, तिथं." त्यांनी किराळीचं इंजेक्शन दिलं. जेवढ्यांना देता आलं तेवढ्यांना. मी जनावरं धरायला मदत केली. माझ्या हातातच एक मेंढा गेला.

मग सगळे त्या गडबडीत असताना मी डोणीतलं पाणी उपसलं, डोण घासली आणि वॉशआउट उघडा ठेवून साफ पाणी वाहू दिलं. कुणी विचारलं असतं तर म्हणणार होतो, जित्या जनावरांना ताजं पाणी भरतोय. कुणी विचारलं नाही. उलट सुंदरा म्हणाली, "साहेब, देव भलं करील तुमचं."

निम्मी खांड गेली. बिरू तात्या दुसऱ्या दिवशी आला. त्यानं आरडाओरडा केला नाही, बायकोवर हात उगारला नाही. बायकोला एकदाच विचारलं, "घातली व्हतीस?" ती म्हणाली, "न्हाय." तो उठून गेला. आणि त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही.

बोलला नाही म्हणजे अजिबात नाही. राहिलेली खांड मोडली, आणि त्याला काम मी दिलं. मालकांकडं शब्द टाकून मैदानावर लावून घेतलं. मला वाटलं, याची भरपाई होतेय. गावात माझं नाव झालं. तात्या तर चारचौघांत सांगायचा, "साहेबानं पोटाला लावलं, न्हायतर आमी कुठं गेलो असतो?" दरवेळी हे वाक्य ऐकलं की मी काही तरी काम काढून दुसरीकडं जायचो.

वर्षानुवर्षं तो माझ्या हाताखाली राहिला. ग्रीनवर दुपारचा फवारा मारायचं काम त्याचं आणि माझं. सुंदरा डबा घेऊन यायची, कुंपणाशी ठेवायची आणि निघून जायची. तो डबा आणायचा, उघडायचा. कधी वाईट म्हणाला नाही, कधी चांगलं म्हणाला नाही. महादू एकदा म्हणाला, "तात्या, वहिनीशी बोलत जा की. बाईमानूस हाय. झाली चूक."

तात्या म्हणाला, "चुकीचं न्हाय रे. मेंढरं काय, बिरोबानं दिली, त्यानंच न्हेली. पर ती खोटं बोलली. घातली म्हणली असती तर तवाच इसरलो असतो. आण घेऊन खोटं बोलली."

पाइप माझ्या हातात होता. पाणी ग्रीनच्या बाहेर पडत राहिलं, हे महादूनं सांगितलं तेव्हा मला कळलं.

नवी यंत्रणा झकास चालली. पॅनलवरचं एक बटण दाबलं की जमिनीतून नोझल वर येतात, पाणी फिरवतात आणि परत आत जातात. बाहेरचे लोक बघायला यायचे आणि मी बटण दाबून दाखवायचो. वॉशआउट तिकडून काढला. डोण रिकामी होती ती क्लबनं आत आणली, तिच्यात माती भरून सदाफुली लावली. आलेले पाहुणे तिच्याजवळ उभं राहून फोटो काढतात.

एकदा लातूरला एका लग्नात एका जनावरांच्या डॉक्टरशी गप्पा निघाल्या. मी आडून आडून विचारलं, "समजा, मेंढरांनी युरियाचं पाणी पिलं तर?" ते भात कालवता कालवता म्हणाले, "लगेच कळलं तर सोपं असतं हो. शिरका, म्हणजे व्हिनेगर पाजायचा, भरपूर गार पाण्यातून. पुष्कळ वाचतात. पण लोक सांगत नाहीत काय पिलंय ते, आणि आम्ही भलतंच इंजेक्शन देत बसतो."

आमच्या क्लबच्या स्वयंपाकघरात शिरक्याचे कॅन रचून ठेवलेले असायचे. कांदा मुरवायला. कडुलिंबापासून हाकेच्या अंतरावर. त्या दिवसापर्यंत मी स्वतःला सांगत होतो की मेंढरं माझ्या हाताच्या सवयीनं मेली. जेवणाच्या त्या पंगतीत कळलं की निम्मी त्यातली माझ्या तोंडानं मेली, न उघडलेल्या.

गेल्या वर्षी बिरू तात्या आजारी पडला. पोटाचं दुखणं, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मी भेटायला गेलो. खाटेवर हाडांचा सापळा होता, पण चेहरा हसरा. मला बघून म्हणाला, "साहेब, एक गोष्ट चांगली झाली बगा. घरची कबूल झाली. म्हणली, घातली व्हती, डोळा लागला व्हता. मोकळी झाली बिचारी. आता बोलतो मी तिच्याशी. लई वरसाचं बोलायचं साचलं हाय, पुरतंय का न्हाय की."

सुंदरा दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

तेव्हा सांगता आलं असतं. तो जिवंत होता, शुद्धीत होता, दोघंही समोर होती. मी म्हटलं, "आराम करा, तात्या." आणि बाहेर येऊन चप्पल घातली. महिन्याभरात तो गेला.

मग मला पॅनलपुढं बसवेना. बटण दाबलं आणि नोझल वर आले की मान खाली जायची. नोकरी सोडली. घरच्यांना तब्येतीचं कारण सांगितलं. आणि यंदाच्या उन्हाळ्यात एके सकाळी सुंदराच्या घरी गेलो.

ती अंगणात सुपात तूर निवडत बसली होती. दोन शेळ्या बांधलेल्या. "या साहेब. च्या ठिवू?"

"नको, वहिनी. बसा. सांगायचंय थोडं."

मी सांगितलं. सगळं. टाकी, वॉशआउट, डोण, डोण घासली ते, शिरका. तिचे हात सुपात चालूच होते. मी थांबल्यावर तिनं विचारलं, "रानात टाकतेत त्योच का? पांढरा, साखरंवानी?"

"व्हय."

"त्येचा वास येतो का वो पान्याला?"

"फारसा नाही."

"मग मला कसं कळावं," ती म्हणाली. स्वतःशीच. जणू तिथंही तिनं स्वतःची चूक शोधून बघितली.

मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही घातली नव्हती. मग कबूल का झालात?"

तिनं सूप खाली ठेवलं. "गप बसल्याल्या मानसाच्या ताटात किती वरीस वाढावं, साहेब? भिंतीम्होरं ताट सरकवल्यावानी. त्येस्नी दुखनं झालं. म्हनलं, ह्यो मानूस आता जानार, आन् असाच जानार. एवडंच पायजे का तुला? घे. घातली म्या. डोळा लागला व्हता. तर बसले माझ्या तोंडाकडं बघत. मग घास घेतला आन् म्हनले, 'मीठ कमी हाय आज.'" ती थांबली. "लई रडले म्या. मिठासाठनं कुनी इतकं रडलं नसंल."

शेळीनं दावं ओढलं. सुंदरानं तिला हटकलं आणि परत माझ्याकडं वळली.

"त्येनी माफ केलं मला, साहेब. डोक्यावर हात ठिवून माफ केलं. आता तुमी म्हनता तुमचं पाप हाय. मग त्या माफीचं काय करू म्या? कुटं ठिवू?"

मी हात जोडले. तिनं ते बघितलं नाही किंवा बघून सोडून दिलं.

"तुमी दुपारच्याला गवतावर पानी मारायचा," ती म्हणाली. "त्येला ऊन सोसत न्हाय म्हनून. म्या डबा ठिवून जायची तवा बघायची. वाटायचं, केवडी माया साहेबाला. गवताची सुदीक." मग अगदी साध्या आवाजात, "माज्याकडं बघितलं नसंल का वो तुमी येकदा बी?"

बघितलं होतं. रोज बघितलं होतं. पाऊल उचलल्यावर ज्या गवताची पाती परत उठत नाहीत, त्यासाठी मी पळत सुटायचो.

निघताना मी म्हटलं, "वहिनी, हे मी लिहिणार आहे. दिवाळी अंकात छापून येईल. तुमची हरकत असली तर नाही लिहीत. नाव बदलून लिहितो."

"गावातले वाचतेत का त्ये?"

"थोडे वाचतात. वाचनालयात येतो अंक."

तिनं सूप उचललं, दोनदा पाखडलं. "नाव बदलू नगा माजं. त्येंचं बदला, ते गेले. माजं ऱ्हाऊ द्या. आन् कबूल का झाली, त्ये बी लिवा, म्हंजे त्येनी जुलमानं वदवलं आसा त्येंच्यावर बोल येनार न्हाय. पर येक आदी लिवा, साहेब. मागनं मी काय बी म्हनले आसंन. पयल्यांदा इचारलं तवा म्या न्हाय म्हनले व्हते."

म्हणून लिहितो. या लेखातली बाकी सगळी नावं बदलली आहेत, तिचं तेवढं खरं आहे. त्या दुपारी कडुलिंबाखाली, मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन, सगळ्यांच्या देखत सुंदरा "न्हाय" म्हणाली होती. दोनदा म्हणाली होती. मी तिथंच होतो. मी ऐकलं होतं.